पाटोळे सरांची घंटी

परवा माझी भाची तिच्या मुलाला घेऊन आली होती. त्याला मॅनेजमेंटच्या प्रवेशाच्या मुलाखतीला जायचं होतं आणि टाय काही केल्या बांधता येत नव्हता. मोबाईलवर बघून बघून त्याने गळ्याशी नुसता गुंता करून ठेवला होता. शेवटी मला राहवेना. मी म्हटलं, "आण इकडे." तो टाय मी पलंगाच्या मच्छरदाणीच्या गजाला गुंडाळला, गाठ मारली, ती सैल करून टाय गजावरून वर काढला आणि त्याच्या गळ्यात घातला. पोरगं बघतच राहिलं. सत्तरी ओलांडलेल्या आजीला टाय बांधता येतो याचं त्याला नवल, आणि तो गजावर बांधते याचं त्याहून जास्त.

मग त्याने मला त्याच्या क्लासच्या गमती सांगितल्या. मुलाखत घेणाऱ्यांतला एखादा म्हणे मुद्दाम काहीतरी चुकीचं बोलतो. तेव्हा मान डोलवायची नाही. नम्रपणे, पण स्पष्टपणे खोडून काढायचं. "आजी, तिथेच तर खरं सिलेक्शन होतं," तो म्हणाला. तो सहज बोलून गेला. मी चहा टाकायचं निमित्त करून आत गेले. गजावर टाय बांधायला मला ज्यांनी शिकवलं ते पाटोळे सर हे ऐकायला हवे होते, असं वाटलं. मग वाटलं, नकोच. ऐकलं असतं तर त्यांना पुन्हा तेवढंच लागलं असतं.

एकाहत्तरच्या जूनमध्ये मी पुण्याहून श्रीरामपूरच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायला गेले. गाव श्रीरामपूर, पण रेल्वे स्टेशनावर पाटी बेलापूरची, आणि खरं बेलापूर तिथून तीन-चार मैलांवर प्रवरेच्या काठी. नवा माणूस इथेच पहिल्यांदा चुकतो. मीही चुकले. वळकटी आणि ट्रंक घेऊन मी टांगेवाल्याशी हुज्जत घालत होते, तेवढ्यात मागून आवाज आला, "हेच श्रीरामपूर, बाई. पाटीवर विश्वास ठेवू नका. फुल स्टॉप."

वळून पाहिलं तर काळा कोट घातलेला एक उंच, सडपातळ, सावळा गृहस्थ. भर उकाड्यात कोट, पँटच्या पायांना सायकलच्या क्लिपा आणि मधोमध इतका सरळ भांग की फूटपट्टी लावून पाडला असावा. हे आमच्या कॉलेजात इंग्रजी शिकवणारे प्राध्यापक शमुवेल पाटोळे. नव्या प्राध्यापिकेला उतरवून घ्यायला ते आपण होऊन आले होते. वाटेत त्यांनी मला गावातलं पाणी, भाजी, डास आणि प्राचार्य यांची माहिती दिली. प्रत्येक माहितीच्या शेवटी फुल स्टॉप.

हा 'फुल स्टॉप' ही त्यांची मुद्राच होती. आपलं बोलणं संपलं की ते तोंडाने पूर्णविराम देत. त्यानंतर समोरच्याने त्या विषयावर बोलायचं नसे. मी पुण्याची असल्यामुळे बोलायची. पुण्याच्या माणसाने उलट बोलणं म्हणजे इतरांनी श्वास घेणं, असं ते म्हणत आणि मला सोडून देत. इतर कोणाला मात्र सूट नव्हती.

त्यांच्या टेबलावर एक पितळी घंटी होती. वरून टिचकी मारली की ट्रिंग वाजणारी. नगरच्या मिशनच्या बोर्डिंगात ते लहानाचे मोठे झाले होते. तिथल्या मडम मायदेशी परत जाताना ही घंटी त्यांना देऊन गेल्या होत्या. वर्गात कुणी चुकला, की ट्रिंग. कुणी मध्येच बोललं, की ट्रिंग. त्यांच्या पत्नी, मनोरमाबाई, मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या. एकदा मी जेवायला गेले असता त्या हसत म्हणाल्या, "तुम्हाला काय वाटतं, घंटी कॉलेजातच राहते? रोज पिशवीतून घरी येते. भाकरी करपली की वाजते." सर खाली मान घालून जेवत होते. घंटी खरंच ताटाशेजारी होती.

पण माणूस मायाळू होता. आमच्या कॉलेजातली पोरं शेतकऱ्यांची, फॅक्टरीतल्या कामगारांची. घरात पहिल्यांदा कुणी कॉलेजची पायरी चढलेलं. बी.कॉम. झालं की बँक, साखर कारखाना नाहीतर एसटीत चिकटायचं. त्यासाठी मुलाखत द्यावी लागायची आणि मुलाखत म्हटलं की या पोरांच्या तोंडचं पाणी पळायचं. सर अशा पोरांना संध्याकाळी कॉमन रूममध्ये बोलवायचे आणि मुलाखतीची रंगीत तालीम घ्यायचे. कुणी सांगितलं नव्हतं, त्याचा पगार नव्हता, सुट्टीतही चालायची.

पॅनेलवर मध्ये सर. डावीकडे मी. उजवीकडे जिमखान्याचे शिंदे सर. शिंदे सरांना इंग्रजीतला एकच प्रश्न पाठ करून दिलेला होता: "व्हॉट आर युवर हॉबीज?" त्यांचं काम असं की सरांनी पायाने खूण केली की हा प्रश्न टाकायचा. शिंदे सर बिचारे दिवसभर पोरांना पळवून दमलेले असत. ते डुलक्या घेत, आणि पाय लागला की दचकून जागे होऊन कुणालाही हॉबी विचारत. एकदा त्यांनी चहा घेऊन आलेल्या शिपायालाच विचारली.

तालमीचे नियम ठरलेले. "खुर्ची आधी बघून घे, मग बस." "खाली काय बघतोस? पेरणी केलीय का तिथे? वर बघ." चहा आला तर बशीत ओतायचा नाही, बिस्किट बुडवायचं नाही. सरांचा मरून रंगाचा एकुलता एक टाय खिडकीच्या वरून सुटलेल्या गजावर बांधून तयार असे. आलेला मुलगा तो गळ्यात अडकवायचा आणि जाताना पुन्हा गजाला लावायचा. सरांच्या हाताखालून गेलेली कितीतरी पोरं बँकांमध्ये लागली. आपल्या गावाकडचं पोरगं परक्या माणसांसमोर ताठ बसावं, एवढीच त्यांची धडपड होती. म्हणून पुढे जे झालं त्याचा मला त्यांच्यावर कधी राग आला नाही. वाईट मात्र अजून वाटतं.

मच्छिंद्र नवले बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होता. बेलापूरचा. वडिलांची पाटाच्या पाण्यावरची थोडी जमीन, त्यात ऊस. पोरगा काळासावळा, बारीक अंगाचा, डोळे सारखे काहीतरी शोधत असल्यासारखे. आणि तोंडाळ. तोंडाळ म्हणजे उद्धट नव्हे. चूक दिसली की त्याच्याने गप्प बसवत नसे, इतकंच.

सर वर्गात व्यापारी पत्रलेखन शिकवत. त्या दिवशी ते नमुन्याचं पत्र सांगत होते. मी शेजारच्या वर्गात होते, मधली भिंत म्हणजे नुसती फळ्यांची, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. एक व्यापारी दुसऱ्याला लिहितो: आमच्या गोडाऊनमध्ये उत्तम प्रतीचा पन्नास टन ऊस साठवलेला आहे, मागणीप्रमाणे पाठवू. सर संथ लयीत इंग्रजीत सांगत होते आणि वर्ग लिहून घेत होता. एवढ्यात मच्छिंद्रचा आवाज आला.

"सर, ऊस गोडाऊनात न्हाई ठिवत."

"काय म्हणालास?" सरांनी विचारलं.

"तोडला का दुसऱ्या दिशी सुकाया लागतो, सर. आंबतो. महिनाभर ठिवला तर निस्तं सरपान हुतंय. त्यापरीस ज्वारी लिवा."

वर्ग खदखदून हसला. ट्रिंग, ट्रिंग, ट्रिंग! "माझ्या पत्रात ऊस टिकतो," सर कडाडले. "मोठी माणसं बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नसतं. खाली बस. फुल स्टॉप."

तास संपल्यावर स्टाफरूममध्ये आले तेव्हा मात्र सर गालातल्या गालात हसत होते. "आपटेबाई, त्या नवल्याच्या पोराला डोकं आहे. जरा तासून घ्यायला हवं." मी म्हटलं, "सर, पण तो म्हणाला ते बरोबर होतं." ते म्हणाले, "बरोबर असण्याचा इथे काय संबंध? असं बोलून जगात कोण पुढे जाऊ देतं?" हे त्यांना खरंच वाटत होतं.

त्या सुमाराला इंग्रजी पेपरात एक जाहिरात आली. दूरच्या शहरातली एक संस्था मॅनेजर घडवते, आधी लेखी परीक्षा, मग मुलाखत. आमच्या पंचक्रोशीत हे नाव कुणी ऐकलेलं नव्हतं. सरांनी जाहिरात कापून मच्छिंद्रपुढे ठेवली. त्याने पुण्याला जाऊन परीक्षा दिली आणि पास झाला. मुंबईला मुलाखतीला या, असं पत्र आलं तेव्हा प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सगळ्यांनी ते हातात घेऊन बघितलं.

त्याच्या वडिलांची परवानगी घ्यायला सर आणि मी बेलापूरला गेलो. म्हातारा वस्तीवर बैलांना वैरण टाकत होता. सरांनी सगळं समजावून सांगितलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "मॅनेजर व्हायला शाळा लागती व्हय, सर? कारखान्याच्या चेअरमनची चिठ्ठी लागती."

"तिथे चिठ्ठी चालत नाही. तिथे तुमचा मुलगा काय बोलतो ते बघतात."

"मंग झालंच." म्हातारा हसला. "त्ये लई बोलतंय. मोठ्या मानसाम्होरं तोंड उघडतंय. परवा पिकाची नोंद कराया सर्कल सायब आलं हुतं, त्येलाच म्हनलं, तुमचा हिशोब चुकलाय. आता त्यो सायब वैर धरून बसलाय." मग त्याने हात झटकले. "या साली जाऊन बघू द्या. न्हाई जमलं तर कारखान्यात वजनाच्या काट्यावर चिकटवतो, माझा शब्द झालाय. पन सर, त्याची ही उलटं बोलायची खोड तेवडी मोडा."

"ते माझ्यावर सोपवा," सर म्हणाले. "फुल स्टॉप."

तालमी सुरू झाल्या. पहिल्या दिवशी शिंदे सर दचकून जागे झाले, "व्हॉट आर युवर हॉबीज?"

"हॉबी म्हंजी, सर?"

"रिकाम्या वेळात काय करतोस?" पाटोळे सरांनी विचारलं.

"रिकामा वेळ न्हाई, सर."

ट्रिंग. "असं म्हणायचं नाही. स्टॅम्प कलेक्शन म्हण."

"तिकिटं कुठून गोळा करू, सर? आमच्याकडं पत्रंच येत न्हाईत."

ट्रिंग.

मी म्हटलं, "सर, रिकामा वेळ नाही हे उत्तर काय वाईट आहे? मला तर आवडलं." सरांनी माझ्याकडे न बघता माझ्यासाठीही घंटी वाजवली.

तो पोरगा हुशार, त्यातून सरांवर त्याचा जीव. सर सांगतील ते तो उचलायचा. बोली बदलली, बसणं बदललं, बशी सुटली. "पण सर" हे दोन शब्द त्याच्या तोंडी फार यायचे. त्यांच्यावर सरांनी खास डूख धरला होता. 'पण' म्हटलं की ट्रिंग. त्याला पुढचं बोलूच देत नसत. हिवाळा सरून उन्हं तापायला लागली तोवर घंटी जवळजवळ वाजेनाशीच झाली. मच्छिंद्र आत यायचा, खुर्ची बघून बसायचा, वर बघायचा, आणि जे विचाराल त्याला गोड हसून, अदबीने, आखीव उत्तर द्यायचा. सर खूश. "आता याला कुणीही काहीही विचारू दे," म्हणायचे. मला मात्र चुकल्या-चुकल्यासारखं वाटे. कॉमन रूममध्ये एक चांगला मुलगा येऊन बसायचा, पण त्या फळ्यांच्या भिंतीपलीकडून ज्याचा आवाज आला होता तो काही येत नव्हता.

एप्रिल अखेर तो मुंबईला जाऊन आला. मनमाडकडून येणारी गाडी दुपारी पोचायची. गाडीतून उतरून तो घरी न जाता सरळ कॉलेजात आला, गळ्यात सरांचा टाय तसाच. परीक्षा चालू होत्या. पेपर संपल्यावर आम्ही कॉमन रूममध्ये जमलो. सरांना इतका आनंद झाला होता की त्यांनी आपल्या खर्चाने भजी मागवली.

"बस. खुर्ची बघून! हां. आता मी त्यांचा चेअरमन. सांग, काय काय विचारलं?"

मच्छिंद्र रंगात येऊन सांगू लागला. घरची शेती विचारली, सांगितली. पेपरातलं विचारलं, सांगितलं. हॉबी कुणीच विचारली नाही, यावर शिंदे सर हिरमुसले.

"मग मधले साहेब म्हणाले, तुमच्याकडे साखर कारखाने वर्षातले थोडेच महिने चालतात. बाकीचे महिने एवढी मोठी मशिनरी नुसती बंद. मला वाटतं, ऊस तोडून गोडाऊनमध्ये धान्यासारखा भरून ठेवावा आणि बारा महिने गाळावा. तुला पटतं का?"

सरांच्या हातातलं भजं हातातच राहिलं. "मग? तू काय म्हणालास?"

"मी म्हणालो, येस सर, यू आर परफेक्टली राइट, सर."

मी सरांकडे पाहिलं.

"ते पुन्हा म्हणाले, घाई नको, नीट विचार करून सांग. मी म्हणालो, येस सर, व्हेरी गुड आयडिया, सर. मग ते हसले, एकमेकांकडे बघितलं, आणि थँक्यू म्हणाले." तो आमच्या तिघांकडे बघून हसला. "सगळं जसं शिकवलं तसंच केलं, सर. एकदाही तुमच्या घंटीची आठवण यायची वेळ आली नाही."

सरांनी भजं बशीत ठेवलं. हळूच विचारलं, "मच्छिंद्र, ऊस टिकतो का रे गोडाऊनमध्ये?"

"न्हाई, सर. कसा टिकंल?" तो चटकन म्हणाला, आणि एकदम त्याची जुनी बोली परत आली. "तोडला का वजन घटतं, साखर कमी पडती. म्हनून तर आमी रातोरात गाड्या जुपतो."

"मग त्यांना हे का नाही सांगितलंस?"

मच्छिंद्र गोंधळला. त्याला प्रश्नच कळला नाही. "सर, त्ये केवडे मोठे. डोकं पांढरंफेक. त्यान्ला कसं म्हनायचं का तुमी चुकता? अन्..." त्याने घंटीकडे पाहिलं. "वर्गात एकदा म्हनलो हुतो ह्येच, तवा तुमी..." आणि तो तिथेच थांबला. पुढे बोललं तर ते सरांना उलट बोलणं झालं असतं.

खिडकीतून बाहेरची धूळ दिसत होती. शिंदे सर टक्क जागे होते. मच्छिंद्रने विचारलं, "चुकलं का काही, सर?"

"नाही," सर म्हणाले. "तू कशात चुकला नाहीस." आणि फुल स्टॉप म्हणाले नाहीत.

जूनमध्ये पत्र आलं. नकाराचं पत्र सभ्यपणे कसं लिहावं, हे सरांनी वर्षानुवर्षं पोरांना शिकवलं होतं. त्यांनी पाकीट हातात घेऊन पाहिलं आणि न उघडता मच्छिंद्रला परत दिलं. त्या साली पाऊस आलाच नाही, पाटाचं पाणी आटलं, ऊस जागेवर जळाला. पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा दे, असं सर म्हणाले. तो "व्हय, सर" म्हणाला आणि वडिलांच्या शब्दाप्रमाणे साखर कारखान्यात वजनकाट्यावर चिकटला. पुन्हा परीक्षा दिली नाही.

पुढे ऊस पुन्हा उभा राहिला, तेव्हा मी तिकडून जात असताना काटा पाहिला होता. पूर्वी बैलगाड्यांची अर्धा मैल रांग लागायची आणि बैल उन्हात उभे राहायचे. मच्छिंद्रने गाड्यांना पत्र्याचे बिल्ले दिले आणि बैल सोडून झाडाखाली बांधायला लावले. बिल्ला पुकारला की गाडी जुंपायची. रांगेसाठी कुणाला ओरडावं लागलं नाही, भांडणं आपोआप कमी झाली. मी हे सरांना कौतुकाने सांगितलं. त्यांनी तोंड फिरवलं. "तेच तर," एवढंच म्हणाले.

त्याआधी, दुष्काळातच एका संध्याकाळी आम्ही कोरड्या पाटाच्या कडेने फिरायला गेलो होतो. मनोरमाबाई पुढे चालत होत्या. सर आपण होऊन बोलायला लागले. "बोर्डिंगात उलट बोलणाऱ्याला जेवायला वेगळं बसवायचे, आपटेबाई. सगळ्यांच्या समोर, भिंतीकडे तोंड करून. मी एकदाही वेगळा बसलो नाही. जामखेडकडच्या कोरड्या माळावरचा मी पोरगा, त्या एका गुणावर शिकलो, नोकरीला लागलो, कोट घातला. मला वाटलं, जे मला फळलं ते त्यालाही फळेल." थोडं चालून ते म्हणाले, "त्याच्याजवळ एकच गोष्ट अशी होती की जी तिथे पाहिजे होती. ती मी मोडली. आणि मोडताना मला काय आनंद होत होता!"

मी काहीतरी समजुतीचं बोलले. त्यांनी ऐकून घेतलं, पण ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून घंटी दिसली नाही. ती त्यांनी देवळात, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, संडेस्कूलच्या पोरांना देऊन टाकली होती. आणि मग सरांनी एक विलक्षण उद्योग सुरू केला. ते वर्गात मुद्दाम चुकीचं बोलू लागले.

"बेलापूर गोदावरीच्या काठी आहे," ते बोर्डावर लिहायचे आणि वाट बघत उभे राहायचे. वर्ग निमूटपणे लिहून घ्यायचा. त्यात बेलापूरची पोरं होती, रोज त्या नदीवर गुरं धुणारी. सरांनी त्यांच्यातल्या एकाला उठवलं. "कोणती नदी रे तुझ्या गावाला?"

"गोदावरी, सर."

"घरून निघालास तेव्हा कोणती होती?"

पोरगं घाबरून गेलं. "तवा प्रवरा हुती, सर. पन तुमी म्हन्ता तर..." मागून कुणीतरी कुजबुजलं, "जाऊ दे की, नाहीतरी पानी न्हाईच तिला." वर्ग हसला. सर हसले नाहीत. एरवी मागच्या बाकावरून कुजबुजणाऱ्याला त्यांनी बाहेर काढलं असतं. त्या दिवशी म्हणाले, "कोण बोललं ते? उभा राहा, मोठ्याने बोल." कुणीच उभं राहिलं नाही. त्यांना वाटलं सर चिडले.

तालमी चालूच होत्या, पण आता सर दर प्रश्नात एक चूक पेरायचे आणि समोरच्या मुलाकडे आशेने बघायचे. "रुपयाचे शंभर आणे, बरोबर ना?" "होय, सर." मी एकदा न राहवून म्हटलं, "सर, मी म्हणू का नाही? मला जमतं." ते खिन्न हसले. "तुमचं काय, तुम्ही पुण्याच्या. तुमच्या नाहीला काही किंमत आहे का?" मी रागावले, मग मलाही हसू आलं. त्यांना माझ्याकडून नको होतं, हे मला कळत होतं. ज्या तोंडातून त्यांनी ते काढून घेतलं होतं, त्याच तोंडून, निदान तशाच एखाद्या, त्यांना ऐकायचं होतं. आणि वीस-पंचवीस वर्षं ज्यांनी घंटी वाजवली त्यांना 'नाही' म्हणायला त्या गावात कोण धजणार? एकदा वचक बसला तो बसलाच.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात सर निवृत्त झाले. जामखेडकडे भावाशेजारी घर बांधलं होतं, तिकडे जायचं ठरलं. सामान आधीच ट्रकने गेलं होतं. नगरच्या एसटीत ते आणि मनोरमाबाई बसले, तेव्हा मी आणि शिंदे सर पोचवायला गेलो होतो. गाडी सुटायच्या बेतात असताना मच्छिंद्र सायकल दामटत आला. कॅरिअरला गुळाची ढेप बांधलेली. अंगाने भरला होता, मिशी आली होती. तो ढेप खिडकीतून आत देऊन, टपावरून कुणाचं सामान पडेल या भीतीने अंग चोरत, हात जोडून खाली उभा राहिला.

सरांनी त्याच्याकडे डोळे भरून बघितलं. मग एकदम म्हणाले, "मच्छिंद्र, ऊस गोडाऊनमध्ये टिकतो ना रे?"

मच्छिंद्रला तो जुना प्रश्न ओळखू आला. त्याचा चेहरा बदलला, ते मी बघितलं. तो हसला, मान खाली घातली, आणि सर चाललेत त्या दिवशी त्यांना दुखवायचं नाही म्हणून म्हणाला, "व्हय, सर."

सर खिडकीचा गज धरून पुढे वाकले. "ऐक. त्या मुलाखतीत चूक तुझी नव्हती. माझी होती. मी तुझं वाटोळं केलं."

"न्हाई, सर!"

हे इतक्या मोठ्याने, इतक्या चटकन आलं की शिंदे सरही दचकले. मच्छिंद्रचे डोळे भरले होते, पण मान वर होती. "न्हाई, सर. तुमची न्हाई. तुमी चुकीचं बोलता."

कंडक्टरने दोरी ओढली, डबल बेल झाली. गाडी हलली. पाटोळे सरांनी खिडकीतून हात बाहेर काढला, त्याच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाले, "अरे वेड्या, आत्ता तरी हो म्हणायचं होतंस."